परदेशातील मंडळीस्थापना, लहान गट आणि बाहेरच्या मदतीचा प्रश्न

प्रस्तावना

एका देशातील ख्रिस्ती लोक दुसऱ्या देशात मंडळी उभी करू पाहतात, तेव्हा माणसे आणि पैसा दोन्ही पाठवतात. माणसे एक ना एक दिवस परत येतात आणि पैसाही कधीतरी आटतो. त्यानंतर तिथे काय उरते? एकोणिसाव्या शतकापासून मिशनच्या इतिहासात या प्रश्नावर सतत वाद होत आला आहे. हा प्रश्न केवळ धर्मापुरता नाही. बाहेरच्या निधीवर चालणारी कोणतीही संस्था, मग ती शाळा असो, बचतगट असो की ग्रामविकासाचा प्रकल्प, याच प्रश्नाला सामोरी जाते. म्हणून इतिहास, समाजशास्त्र आणि समाजकार्य या विषयांच्या विद्यार्थ्यांनाही हा घटक उपयोगी पडेल.

या घटकात आपण कोरियाचे उदाहरण मध्यवर्ती ठेवणार आहोत. मदत किती दिली यापेक्षा ती कोणत्या खर्चासाठी दिली याला अधिक महत्त्व असते, हे त्यातून स्पष्ट होते.

१. काही संज्ञा

मंडळी म्हणजे इमारत नव्हे, तर एकत्र उपासना करणारा आणि आपला कारभार पाहणारा श्रद्धावंतांचा समुदाय. जिथे असा समुदाय नव्हता तिथे तो उभा करणे म्हणजे मंडळीस्थापना. लहान गट म्हणजे घरात किंवा वस्तीत नियमित भेटणारी साधारण दहा-पंधरा माणसांची बैठक. तीत शास्त्रवाचन, प्रार्थना आणि एकमेकांची विचारपूस होते. गटाचा प्रमुख बहुधा बिनपगारी असतो व आपला नेहमीचा व्यवसाय सांभाळून हे काम करतो. पाळक मात्र रीतसर दीक्षा मिळालेला असतो आणि त्याच्या निर्वाहाची जबाबदारी कोणाला तरी घ्यावी लागते.

२. तीन 'स्व' : अँडरसन आणि व्हेन

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दोन मिशन-संस्थांचे कार्यवाह एकाच निष्कर्षाप्रत आले. एक होते बोस्टनच्या अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन (१७९६–१८८०) आणि दुसरे लंडनच्या चर्च मिशनरी सोसायटीचे हेन्री व्हेन (१७९६–१८७३). त्यांच्या मते नवी मंडळी तीन बाबतींत स्वतःच्या पायावर उभी राहिली पाहिजे. तिने आपला खर्च आपण भागवावा (स्वपोषण), आपला कारभार आपण चालवावा (स्वशासन) आणि आपला प्रसार आपण करावा (स्वप्रसार). मिशन ही इमारत बांधताना उभारलेल्या परातीसारखी आहे. भिंत उभी राहिली की परात काढून पुढच्या गावी न्यायची असते.

या विचाराचा महाराष्ट्राशी थेट संबंध आहे. अमेरिकन बोर्डाचे पहिले मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत आले होते आणि पुढे अहमदनगर हे त्यांचे मोठे केंद्र झाले. १८५४–५५ मध्ये अँडरसन स्वतः भारताच्या दौऱ्यावर आले. मोठ्या इंग्रजी शाळांऐवजी देशी भाषेतील शिक्षणावर आणि खेड्यांतील लहान मंडळ्यांवर भर द्यावा, या मंडळ्यांना देशी पाळक नेमावेत, असे त्यांचे मत होते. त्यावर बराच वाद झाला. स्थानिक लोकांनी स्वावलंबी व्हावे हा निर्णय बोस्टनमध्ये घेतला जात होता आणि त्याच लोकांपैकी अनेकांना इंग्रजी शिक्षण हवे होते. स्वावलंबनाचा आग्रह बाहेरून लादला जातो तेव्हा त्यात ही विसंगती राहते. ती आपल्याला पुढेही दिसेल.

३. पगारी उपदेशकाची अडचण : नेव्हियस यांचे विवेचन

तत्त्व मान्य असूनही प्रत्यक्षात बहुतेक मिशने वेगळ्या पद्धतीने चालत. एखादा उत्साही नवख्रिस्ती दिसला की मिशन त्याला मासिक पगारावर उपदेशक नेमत असे. काम लवकर सुरू होई आणि अहवालातील आकडेही वाढत.

चीनच्या शान्तुंग प्रांतात काम करणारे अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनरी जॉन नेव्हियस (१८२९–१८९३) यांनी या पद्धतीवर १८८५ च्या सुमारास लेखमाला लिहिली. त्यांच्या आक्षेपांचा सारांश असा :

(अ) चांगला माणूस आपल्या गावातून आणि व्यवसायातून उचलला जातो, त्यामुळे त्याचे मूळ गाव नेतृत्वाला मुकते.

(आ) तो श्रद्धेने बोलतो की पगारासाठी, हे ओळखणे मिशनरीला आणि गावकऱ्यांनाही कठीण होते.

(इ) एकाला पगार मिळाला की इतरांनाही तशीच अपेक्षा वाटू लागते आणि विनामोबदला काम करण्याची वृत्ती मावळते.

(ई) तो परकीयांचा नोकर आहे, असे शेजारीपाजारी समजतात.

यावर नेव्हियस यांनी सुचवलेला उपाय साधा होता. प्रत्येकाने आपल्या गावात, आपल्या धंद्यात राहून श्रद्धा जगावी आणि शेजाऱ्याला सांगावी. गावातील गटाचे पुढारीपण बिनपगारी स्थानिक माणसाकडे असावे. पूर्ण वेळ काम करणारा माणूस मंडळीला स्वतः पोसता येईल तेव्हाच नेमावा. उपासनेची जागा स्थानिक बांधणीची आणि लोकांच्या ऐपतीची असावी. मिशनने आपली ताकद मुख्यतः शिकवण्यावर खर्च करावी. ते स्वतः खेड्यांतील गटप्रमुखांना शान्तुंगमधील यांताय या बंदरगावी बोलावून काही आठवडे शिकवत आणि परत पाठवत.

येथे एक बारकावा ध्यानात घ्यावा. नेव्हियस सर्व मदतीच्या विरोधात नव्हते. नेता कोणाला जबाबदार राहतो, हे ज्या खर्चामुळे बदलते, त्या खर्चाला त्यांचा विरोध होता.

४. कोरियातील प्रयोग

कोरियात प्रेस्बिटेरियन मिशनरी होरेस अंडरवुड आणि मेथडिस्ट मिशनरी हेन्री अॅपेनझेलर १८८५ मध्ये पोहोचले. मात्र त्याआधीच मंचुरियात स्कॉटिश मिशनरी जॉन रॉस यांच्याबरोबर काही कोरियन माणसे नव्या कराराचे भाषांतर करत होती. १८८२ पासून त्याचे भाग छापून बाहेर पडत होते आणि सीमा ओलांडून देशात जात होते. या कामात सहभागी असलेल्या सो सांग-र्युन यांच्या कुटुंबाभोवती सोराए या गावी एक गट जमला. म्हणजे निवासी मिशनरी येण्यापूर्वीच एका गावात लहान गट होता. याच सोराएच्या लोकांनी १८९५ च्या सुमारास आपली उपासनेची इमारत स्वतःच्या पैशाने व श्रमाने बांधली.

जून १८९० मध्ये नेव्हियस सुमारे दोन आठवड्यांसाठी सोलला आले. तेथील प्रेस्बिटेरियन मिशनरी तरुण होते आणि काम नुकतेच सुरू झाले होते, त्यामुळे मोडायला जुनी पगारी व्यवस्था नव्हती. त्यांनी नेव्हियस यांची पद्धत धोरण म्हणून स्वीकारली. चीनमध्ये मात्र जुनी व्यवस्था रुजलेली असल्याने तिला फारसा प्रतिसाद मिळाला नव्हता. कोणतीही मदत एकदा सुरू झाली की ती बंद करणे हे ती सुरू न करण्यापेक्षा कितीतरी कठीण असते, हा या तुलनेतून मिळणारा महत्त्वाचा धडा आहे.

पुढचा क्रम थोडक्यात असा. १९०१ मध्ये प्याँगयांग येथे पाळकांचे प्रशिक्षण सुरू झाले. १९०७ मध्ये कोरियन प्रेस्बिटेरियन मंडळ्यांची स्वतंत्र प्रेस्बिटरी स्थापन झाली आणि पहिल्या सात कोरियन पाळकांना दीक्षा मिळाली. त्यांच्यापैकी यी गि-पुंग यांना लगेच जेजू बेटावर पाठवण्यात आले. १९१२ मध्ये महासभा स्थापन झाली आणि तिने तीन कोरियन पाळकांना मिशनरी म्हणून चीनला पाठवण्याचे ठरवले. ते ज्या प्रांतात गेले तो होता शान्तुंग, म्हणजे नेव्हियस यांचेच जुने कार्यक्षेत्र. ज्यांना मदत मिळत होती ते एका पिढीत इतरांना माणसे पाठवू लागले. 'स्वप्रसार' या शब्दाचा अर्थ याहून स्पष्टपणे सांगता येणार नाही.

५. लहान गट आणि पैसा यांचा संबंध

हे शक्य कसे झाले? याचे एक उत्तर लहान गटाच्या अर्थकारणात आहे. घरात भरणाऱ्या बैठकीला भाडे लागत नाही आणि गटप्रमुखाला पगार लागत नाही. त्यामुळे गरीब वस्तीसुद्धा पहिल्या दिवसापासून स्वावलंबी असू शकते. शिवाय दहा-पंधरा माणसांत कोण आले नाही, कोण आजारी आहे, कोण अडचणीत आहे हे लगेच कळते.

गट आणि पैसा यांचे नाते जुने आहे. इंग्लंडमध्ये जॉन वेस्ली यांच्या मेथडिस्ट चळवळीतील 'क्लास' ही रचना १७४२ मध्ये ब्रिस्टल येथे सुरू झाली ती इमारतीचे कर्ज फेडण्यासाठी. सुमारे बारा जणांचा एक गट करायचा आणि प्रमुखाने दर आठवड्याला प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची, अशी ती योजना होती. पेनी मागायला घरोघरी जाताना माणसांची खरी परिस्थिती कळू लागली आणि कर्जवसुलीच्या सोयीतून परस्परांची काळजी घेणारा गट तयार झाला.

कोरियात यालाच पूरक अशा तीन प्रथा रुजल्या. पहिली म्हणजे बायबल-अभ्यासवर्ग. शेतीची कामे नसताना गावोगावचे लोक स्वतःचा शिधा घेऊन काही दिवस एकत्र शिकायला येत. दुसरी म्हणजे दिवसांचे अर्पण. रोख देता येत नसेल तर माणूस वर्षातले ठरावीक दिवस आसपासच्या गावांत सुवार्ता सांगण्यासाठी देण्याचे वचन देई. तिसरी म्हणजे तांदळाचे अर्पण. स्वयंपाक करताना बाई थोडे तांदूळ बाजूला काढून ठेवी आणि ते मंडळीच्या कामी येत. पैसा नसलेल्या समाजातही वेळ, धान्य आणि श्रम असतात. स्वपोषणाचा हिशेब केवळ रोकडीत केला तर ते अशक्य वाटते.

६. मर्यादा आणि आक्षेप

कोरियातील वाढीचे सारे श्रेय एका पद्धतीला देणे चूक ठरेल. १८९४–९५ चे चीन-जपान युद्ध, १९०५ मधील जपानचे संरक्षित राज्य आणि १९१० मधील विलीनीकरण यांनी जुनी व्यवस्था कोसळत होती. येथे सत्ता गाजवणारे जपानी होते, मिशनरी अमेरिकेतून आलेले. त्यामुळे ख्रिस्ती होणे म्हणजे राज्यकर्त्यांच्या बाजूला जाणे असा अर्थ निघत नव्हता. आशियातील अनेक वसाहतींत अशी स्थिती नव्हती. सोपी हांगुल लिपी वापरल्यामुळे वाचनही स्त्रियांपर्यंत आणि गरिबांपर्यंत पोहोचले.

दुसरे असे की, मंडळ्या स्वावलंबी असल्या तरी मोठ्या संस्था परकीय पैशावरच उभ्या राहिल्या. सोलचे सेव्हरन्स रुग्णालय (१९०४) हे एका अमेरिकन उद्योगपतीच्या देणगीतून उभे राहिले. तिसरे, पाळकांचे शिक्षण लोकांच्या सर्वसाधारण शिक्षणाच्या फार पुढे नसावे या धोरणामुळे त्यांचे शिक्षण मर्यादित राहिले, अशी टीका पुढे झाली.

स्वपोषण आणि स्वशासन नेहमी हातात हात घालून येत नाहीत, हेही लक्षात ठेवावे. पश्चिम आफ्रिकेत व्हेन यांच्या प्रयत्नाने सॅम्युएल अजयी क्राउदर १८६४ मध्ये बिशप झाले, पण १८९१ मध्ये त्यांच्या निधनानंतर त्या जागी इंग्रज बिशप नेमला गेला. चीनमध्ये १९५४ मध्ये स्थापन झालेल्या अधिकृत प्रोटेस्टंट संघटनेने 'तीन स्व' हेच नाव घेतले. परदेशी पैसा व अधिकार गेले, परंतु राज्यसंस्थेचे नियंत्रण आले.

७. भारतातील अनुभव

भारतातही हा प्रश्न आतून विचारला गेला. डिसेंबर १९०५ मध्ये सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. भारतीय माणसे, भारतीय पैसा आणि भारतीय कारभार हे तिचे सूत्र होते आणि व्ही. एस. अझरया हे तिच्या संस्थापकांपैकी एक होते. मराठी कवी नारायण वामन टिळक यांनी १९१७ मध्ये अमेरिकन मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' सुरू केला. परकीय पगार घेणाऱ्याचे बोलणे आपल्या लोकांना आपले वाटेल का, हा प्रश्न त्यांच्या या निर्णयातून पुढे येतो. मिझोराममध्ये 'बुहफाई थाम', म्हणजे प्रत्येक स्वयंपाकाच्या वेळी मूठभर तांदूळ बाजूला काढण्याची स्त्रियांची प्रथा, आजही मंडळीच्या कामाचा मोठा आधार आहे.

परकीय देणग्यांविषयीचा २०१० चा कायदा आणि त्यातील २०२० ची दुरुस्ती यांमुळे आज याला नवे वळण मिळाले आहे. परदेशातून आलेली देणगी एका संस्थेने दुसऱ्या संस्थेकडे वळवण्यास या दुरुस्तीने मनाई केली. मोठ्या संस्थेमार्फत येणाऱ्या निधीवर अवलंबून असलेल्या लहान संस्थांना त्यामुळे स्वपोषणाचा विचार टाळता येत नाही.

८. सारांश

परदेशातील मंडळीला वा गटाला मदत करताना तीन प्रश्न विचारावेत. ही मदत थांबली तर पुढच्या महिन्याची बैठक भरेल का? या मदतीमुळे स्थानिक नेता आपल्या लोकांना जबाबदार राहतो की देणाऱ्याला? या खर्चाविषयीचा निर्णय कोणी घेतला?

भाषांतर, छपाई, गटप्रमुखांचे प्रशिक्षण आणि आपत्तीतील साहाय्य या खर्चांना पहिल्या दोन प्रश्नांची समाधानकारक उत्तरे सहसा मिळतात. पाळकाचा कायमचा पगार आणि ऐपतीबाहेरची इमारत यांना ती क्वचितच मिळतात. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र खर्चाच्या प्रकारावरून ठरत नाही. अँडरसन यांच्यापासून आजपर्यंत तोच सर्वांत अवघड राहिला आहे, कारण तुम्ही स्वावलंबी व्हा असे सांगणाराही निर्णय आपल्याच हाती ठेवत असतो.

स्वाध्याय

१. नेव्हियस यांची पद्धत चीनपेक्षा कोरियात का रुजली? दोन कारणे द्या.

२. वेस्ली यांच्या 'क्लास' रचनेत पैसा आणि परस्पर-काळजी यांचा संबंध कसा जुळला?

३. स्वपोषण असूनही स्वशासन नसणे, याचे एक उदाहरण देऊन चर्चा करा.

४. तुमच्या परिसरातील बाहेरच्या निधीवर चालणारी एखादी संस्था निवडा आणि सारांशातील तीन प्रश्न तिला लावून पाहा.