नादातून घडलेले शब्द

वीज कडकडते आणि ढग गडगडतात. ढग कडकडले असे कोणी म्हणत नाही. पाण्याच्या बाबतीतही हाच चोखंदळपणा दिसतो. थेंब टपटप गळतात, ओढा खळखळ वाहतो, तर मुसळधार पाऊस धो धो कोसळतो. अशा शब्दांना मराठी व्याकरणात 'अनुकरणवाचक' म्हणतात. शाळेत अभ्यस्त शब्दांच्या प्रकरणात त्यांची ओळख होते आणि पुढे बालभाषेतील गंमत म्हणून ते बाजूला पडतात. वस्तुतः भाषेतील त्यांचे स्थान याहून फार मोठे आहे.

हे शब्द म्हणजे ध्वनीची हुबेहूब नक्कल नव्हे. कोंबडा सर्वत्र सारखाच आरवतो; तरी मराठी कानाला ते 'कुकूचकू', फ्रेंच कानाला 'कोकोरिको', तर जपानी कानाला 'कोकेकोक्को' असे ऐकू येते. प्रत्येक भाषा बाहेरचा नाद आपल्या वर्णांच्या साच्यात ओतते. स्विस भाषाशास्त्रज्ञ फेर्दिनां द सोस्यूर यांच्या मरणोत्तर, १९१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे शब्द संख्येने थोडे आणि भाषेच्या व्यवस्थेत गौण मानले आहेत.

मराठीला मात्र हे माप अपुरे पडते. एका 'कडकड'पासून कडकडणे हे क्रियापद, कडकडाट हे नाम, कडकडीत हे विशेषण आणि कडकडून हे क्रियाविशेषण सिद्ध होते. कडकडून भूक लागते किंवा कडकडीत उपास घडतो, तेव्हा कोणताही आवाज होत नाही. उरते ती केवळ तीव्रता. याच घडणीचे शब्द डोळ्यांना आणि त्वचेलाही उपयोगी पडतात. दिवे लुकलुकतात, शेवाळ बुळबुळीत लागते. ही प्रवृत्ती एकट्या मराठीची नाही. आर्य आणि द्राविड या भिन्न कुळांतील भारतीय भाषांत ती समान असल्याचे भाषाशास्त्रज्ञ मरे एमेनो यांनी १९६९ मधील लेखात दाखवून दिले.

मरणासन्न माणसाच्या घशातील आवाजाला 'घरघर' म्हणतात. हा आवाज कधी न ऐकलेल्या वाचकालाही एखाद्या उद्योगाला 'घरघर लागली' हा मथळा तत्काळ उमगतो. मूळ ध्वनीपासून दूर गेल्यावरही शब्द असा तग धरतो. मात्र कडकडाट कोणाचा आणि गडगडाट कोणाचा, हा नेमकेपणा व्याकरणाचे पुस्तक शिकवत नाही. तो घरातील बोलण्यातूनच पुढच्या पिढीच्या कानी पडावा लागतो.