सिकलसेलच्या लेकराचा ताप अंगावर काढू नका

सिकलसेल म्हटले की आपल्या वस्त्यांत सांधेदुखी, पिवळे डोळे आणि रक्त चढवणे एवढेच आठवते. या आजारात पोटातला एक अवयव गुपचूप निकामी होतो, त्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. तो अवयव म्हणजे प्लीहा. जुनी माणसे तिला पाणथरी म्हणतात. विदर्भात आपल्या समाजात आणि आदिवासी बांधवांत सिकलसेलचे प्रमाण जास्त आहे. नागपूरच्या डॉक्टरांनी 1950 च्या दशकातच याची नोंद केली होती. म्हणून अमरावती-अकोल्याच्या घराघरांत पाणथरीची माहिती पोहोचली पाहिजे.

पाणथरी डाव्या बरगड्यांखाली असते. ती रक्त गाळते, जुन्या तांबड्या पेशी बाजूला काढते आणि जंतू पकडते. न्यूमोनिया व मेंदूज्वर करणाऱ्या, जाड कवचाच्या जंतूंना रोखण्यात तिचा मोठा वाटा असतो.

पाणथरी बंद पाडली तर काय होते, हे शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतल्या उंदरांवर पाहिले आहे. इथाइल पामिटेट नावाचे रसायन शिरेतून टोचले की चिरफाड न करताच उंदराची पाणथरी निकामी होते आणि रक्त साफ करण्याचे काम मंदावते.

सिकलसेलच्या लेकरात हेच कोणत्याही रसायनाशिवाय घडते. विळ्यासारख्या वाकलेल्या पेशी पाणथरीच्या बारीक वाटांत अडकतात. रक्त पोहोचत नाही आणि तो भाग मरत जातो. काही बाळांत हे पहिल्या वाढदिवसाच्या आतच सुरू होते. आपल्याकडे बऱ्याच मुलांची पाणथरी वाढलेली असते, हाताला लागते. पण मोठी पाणथरी काम करतेच असे नाही.

मग तिची राखण कोण करणार? आपणच.

पहिली गोष्ट, पेनिसिलिन. 1986 मध्ये अमेरिकेत सिकलसेलच्या लहान मुलांना रोज दोनदा पेनिसिलिन देऊन पाहिले. न्यूमोकोकस जंतूचा गंभीर संसर्ग 84 टक्क्यांनी घटला. डॉक्टरांनी हे औषध लिहून दिले असेल, तर मूल खेळते-बागडते आहे म्हणून ते बंद करू नका.

दुसरी गोष्ट, लसी. न्यूमोकोकसची लस सरकारी लसीकरणात दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिन्यांना मोफत मिळते. पेंटाव्हॅलेंटचे डोसही चुकवू नका. दोन वर्षांनंतर आणखी कोणत्या लसी लागतील, ते डॉक्टरांना विचारा.

तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. सिकलसेलच्या मुलाला 101 अंशांवर ताप आला तर त्याच दिवशी, त्याच तासाला दवाखाना गाठा. रात्र असली तरी सकाळची वाट पाहू नका. मेडिकलमधून गोळी आणून किंवा अंगारा लावून वेळ घालवू नका. पोचताच आधी सांगा, ‘लेकराला सिकलसेल आहे,’ आणि लाल कार्ड दाखवा.

कधी कधी रक्त एकाएकी पाणथरीत साचते. मूल पांढरेफटक पडते, मलूल होते, पोटाची डावी बाजू फुगते. काही तासांत जिवावर बेतू शकते. पाणथरी हाताने कशी चाचपायची, हे डॉक्टरांकडून आईने आणि बापानेही शिकून घ्यावे.

आजार आहे हे कळले तरच हे सारे जमते. प्राथमिक आरोग्य केंद्रात, अमरावतीच्या इर्विनमध्ये किंवा अकोल्याच्या सर्वोपचारमध्ये तपासणीची चौकशी करा. पहिल्या तपासणीत दोष दिसला तर इलेक्ट्रोफोरेसिसची पुढची तपासणी करून घ्या. वाहक कोण आणि रुग्ण कोण, ते तिच्यातून कळते. वाहकाला पिवळे कार्ड मिळते, रुग्णाला लाल.

नवरा-बायको दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. दोष दोघांकडून येतो. म्हणून सुनेला बोल लावू नका. लग्न जुळवताना दोन्हीकडची कार्डे आधी पाहा.