‘नवा’ हा शब्द किती जुना आहे?

मराठी ‘नवा’ संस्कृत ‘नव’वरून आला. आता युरोपची यादी पाहा: लॅटिन ‘नोवुस’, प्राचीन ग्रीक ‘नेओस’, इंग्रजी ‘न्यू’, जर्मन ‘नॉय’, रशियन ‘नोवी’, लिथुआनियन ‘नाउयास’, वेल्श ‘नेवीद’. अर्थ एकच, नवा!

हे कुणी कुणाकडून उसने घेतलेले शब्द नाहीत. ही सगळी भावंडं आहेत. अभ्यासक त्यांचं मूळ रूप ‘नेवोस’ असं मांडतात. ते हजारो वर्षांपूर्वीच्या आद्य इंडो-युरोपीय भाषेतलं.

फिनिश ‘ऊसी’ आणि हंगेरियन ‘ऊय’ मात्र या घराण्यातले नाहीत, कारण त्या भाषांचं कुळच वेगळं, उरालिक.

गावांच्या नावांत तर हा शब्द पक्का मुरलाय. इटलीतलं नेपल्स म्हणजे ग्रीकांचं ‘नेआपोलिस’, नवं शहर. वय सुमारे अडीच हजार वर्षं! रशियातलं नोवगोरोदही नवं शहरच. पॅरिसमधला ‘पाँ नफ’, म्हणजे नवा पूल, 1607 मध्ये पूर्ण झाला. आज पॅरिसमध्ये सेन नदीवरचा तोच सर्वांत जुना पूल आहे.

आणि आपल्या गोव्यात पेडणे, सत्तरी, काणकोण या भागांना पोर्तुगीज ‘नोवास काँकिश्तास’, म्हणजे नवे जिंकलेले प्रदेश, म्हणत. त्या ‘नोवास’मध्येही आपला ‘नव’च आहे.

तुमच्या ओळखीचं असं एखादं ‘नवं’ गाव असेल तर जरूर सांगा!