संगीताचे पाच हक्क मांडणारी परिषद

युनेस्कोच्या पुढाकाराने १९४९ मध्ये स्थापन झालेली आणि पॅरिसमध्ये मुख्यालय असलेली आंतरराष्ट्रीय संगीत परिषद ही ना-नफा तत्त्वावरील शिखर संघटना आहे. म्हणजेच निरनिराळ्या देशांतील संगीत परिषदा आणि संगीतविषयक संस्था तिच्या सभासद असून, परस्पर सहकार्य आणि धोरणविषयक पाठपुरावा, अर्थात संगीताची बाजू शासनसंस्थांपुढे सातत्याने मांडणे, ही तिची मुख्य कामे होत.

या पाठपुराव्याचा पाया म्हणजे परिषदेने २००१ मध्ये घोषित केलेले पाच हक्क. त्यांपैकी मुक्तपणे सांगीतिक अभिव्यक्ती करणे, संगीताची भाषा व कौशल्ये शिकणे आणि ऐकणे, सहभाग, निर्मिती व माहिती यांद्वारे संगीतापर्यंत पोहोचणे हे तीन हक्क सर्व मुलांचे व प्रौढांचे आहेत. तर योग्य सुविधांसह आपली कला विकसित करून ती सर्व माध्यमांतून पोहोचवणे आणि तिची उचित दखल व रास्त मोबदला मिळवणे हे दोन हक्क कलावंतांचे आहेत.

विख्यात व्हायोलिनवादक यहुदी मेन्युहिन यांच्या पुढाकाराने परिषदेने १९७५ मध्ये १ ऑक्टोबर हा आंतरराष्ट्रीय संगीत दिन म्हणून सुरू केला. फ्रान्समध्ये १९८२ पासून २१ जूनला होणारा आणि आपल्याकडेही परिचित असलेला संगीतोत्सव त्याहून निराळा आहे.