कळते होण्याच्या कथा वाचताना

कथा वाचून झाल्यावर विद्यार्थ्यांना तिच्याविषयी बोलावयास सांगितले, की पहिले वाक्य बहुधा ठरलेले असते : ‘या कथेचे तात्पर्य असे, की...’ ही सवय इसापनीतीतून आणि पंचतंत्रातून आलेली आहे, आणि तेथे ती योग्यच आहे. त्या गोष्टी तात्पर्यासाठीच रचलेल्या असतात. लघुकथेचे वळण निराळे. त्यातही, एखादे मूल न कळत्या वयातून कळत्या वयात येते तो क्षण जिच्या केंद्रस्थानी असतो, अशा कथेचे तात्पर्य एका वाक्यात काढले, की तिच्यातील बहुतेक ऐवज मागेच राहतो. हा ऐवज कोणता, हे तीन प्रसिद्ध कथांच्या आधारे पाहावे, असे आम्ही योजिले आहे.

पहिली कथा प्रेमचंदांची ‘ईदगाह’. ती 1933 सालची. चार-पाच वर्षांचा हमीद आजीजवळ, अमीनाजवळ, राहतो. आईवडील वारलेले आहेत. परंतु वडील पैसे मिळवावयास गेले आहेत आणि आई अल्लाच्या घरून छान छान वस्तू आणावयास गेली आहे, असे त्याला सांगण्यात आले आहे. ईदच्या जत्रेला निघताना त्याच्या खिशात 3 पैसे आहेत. सोबतच्या महमूदजवळ 12 आणि मोहसिनजवळ 15 पैसे. मित्र पाळण्यात बसतात, मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात. हमीद लोखंडी सामानाच्या दुकानाशी थांबतो आणि 6 पैशांचा चिमटा घासाघीस करून 3 पैशांना घेतो. कारण तव्यावरची पोळी काढताना आजीची बोटे भाजतात.

या कथेवर उत्तर लिहिताना ‘हमीदसारखे त्यागी व्हावे’ असे लिहिले जाते. हे उत्तर चूक आहे असे आम्ही म्हणणार नाही. ते अपुरे आहे, आणि गरीब घरातील मुलाच्या दृष्टीने थोडे धोक्याचेही आहे. ज्याच्या वाट्याला खेळणे येण्याची शक्यताच कमी, त्याला खेळण्याचा मोह न होणे हाच सद्गुण, असे त्यातून सुचविले जाते. प्रेमचंदांनी असे मुळीच लिहिलेले नाही. त्यांचा हमीद खेळण्यांना तोंडाने नावे ठेवतो. ती पडली तर फुटतील, पाण्यात रंग जाईल, असे म्हणतो. पण त्याची नजर त्यांच्यावरून हलत नाही आणि हात आपोआप पुढे जातो. मोहसिन रेवडी देऊ करतो आणि त्याने हात पुढे करताच ती स्वतःच्या तोंडात टाकतो, तेव्हा हमीद हिरमुसतो. पुढे मित्रांविषयी मनात बरेच वाईटसाईटही आणतो. चिमटा घेतल्यावर तो खांद्यावर बंदुकीसारखा धरून मिरवतो आणि सर्व खेळण्यांहून तोच श्रेष्ठ असल्याचे वाद घालून पटवून देतो. लेखकाने हे मूल मूलच ठेवले आहे. त्याला सर्व काही हवे होते, हे ठाऊक असल्याखेरीज त्या चिमट्याचे मोल कळत नाही.

शेवटही तसाच नीट पाहावा लागतो. चिमटा पाहून अमीना प्रथम रागावते : मुलाने दिवसभर काही खाल्ले नाही, आणि आणले काय तर हे! कारण कळल्यावर ती रडू लागते. लेखक सांगतात, की त्या वेळी लहान हमीद वृद्ध झाला आणि वृद्ध अमीना लहान मुलगी झाली. हे रडणे कौतुकाचे आहेच. पण ज्या वयात मुलाने खेळण्यासाठी हट्ट धरावा त्या वयात त्याच्या ध्यानात आजीची भाजलेली बोटे राहिली, याचे दुःखही त्यात असावे, असे आम्हाला वाटते. आईवडील परत येतील ही हमीदची समजूत मात्र कथेच्या शेवटीही तशीच आहे. एका बाजूने तो आजीहून मोठा झाला आहे, दुसऱ्या बाजूने त्याला अजून काहीच ठाऊक नाही.

बाजारात गेलेल्या आणखी एका मुलाची कथा याच्या शेजारी ठेवण्याजोगी आहे. आयरिश लेखक जेम्स जॉइस यांच्या 1914 साली प्रसिद्ध झालेल्या ‘डब्लिनर्स’ या संग्रहातील ‘अ‍ॅरबी’ या कथेतला मुलगा शेजारच्या मित्राच्या बहिणीसाठी काही भेटवस्तू आणण्याचे कबूल करतो. काका घरी उशिरा येतात, पैसे उशिरा मिळतात, आणि तो पोहोचतो तेव्हा बाजार उठत आलेला असतो. दिवे मालवले जातात. तो रिकाम्या हाताने उभा राहतो आणि आपण स्वतःला किती फसवीत होतो, हे त्याला त्या अंधारात दिसते. हमीदच्या हाती चिमटा तरी आला. याच्या हाती काहीही नाही. या कथेचे तात्पर्य विचारले तर विद्यार्थी गप्प होतात. त्यांच्या गप्प होण्याचे आम्हाला वाईट वाटत नाही. तेथूनच खरे वाचन सुरू होते.

तिसऱ्या कथेपाशी मात्र आम्हाला अधिक वेळ थांबावयाचे आहे. कारण घर सोडून शिकावयास आलेल्या मुलांशी आणि त्यांना सांभाळणाऱ्यांशी तिचा थेट संबंध आहे. रवींद्रनाथ ठाकुरांची ‘छुट्टी’ ही कथा 1892 सालची. जमीनदारीच्या कामानिमित्त ते तेव्हा पूर्व बंगालात नदीकाठी राहत असत. शहाजादपूरच्या घाटावर गावची मुले एक मोठी डोलकाठी ढकलत असताना एक लहान मुलगी तिच्यावर येऊन बसली, असा प्रसंग त्यांनी एका पत्रात नोंदविला आहे. कथेत त्या मुलीच्या जागी फटिकचा धाकटा भाऊ माखन आला.

फटिक हा गावातील पोरांचा म्होरक्या. विधवा आई त्याच्या खोड्यांनी त्रासलेली. कलकत्त्याचा मामा त्याला शिकावयास घेऊन जाऊ का, असे विचारतो, तेव्हा फटिक आनंदाने तयार होतो. इतका, की आपला मासे धरण्याचा गळ, पतंग आणि दोऱ्याची फिरकी तो माखनला कायमची देऊन टाकतो. शहरात मामीला हे ओझे नको असते. येथे कथा थांबवून रवींद्रनाथ तेरा-चौदा वर्षांच्या मुलाविषयी दोन शब्द लिहितात : आवाज फुटलेला, अंग बेढब वाढलेले, लहानासारखे बोलला तर शोभत नाही, मोठ्यासारखे बोलला तर उद्धटपणा वाटतो, आणि नेमके याच वयात कोणीतरी माया करावी, ही भूक सर्वांत तीव्र असते. मुलांना सांभाळणाऱ्या प्रत्येकाने हा भाग वर्षातून एकदा तरी वाचावा, असे आम्ही आग्रहाने सुचवितो.

पुढील प्रसंग वरवर अगदी किरकोळ आहेत. मधल्या सुट्टीत फटिक खिडकीशी उभा राहून दूरच्या गच्च्यांकडे पाहतो. पुस्तक हरवते. मामेभाऊ त्याच्याशी नाते सांगावयास लाजतात. घरी कधी जायचे, असे तो विचारतो. शाळेला सुट्टी लागल्यावर, असे उत्तर मिळते, आणि पूजेची सुट्टी फार दूर असते. ताप भरल्यावर आपण मामीला भार होऊ या भीतीने तो पावसात निघून जातो. पोलीस त्याला परत आणतात. आई पोहोचते तेव्हा तो वातात खलाशांप्रमाणे पाण्याची खोली मोजत असतो. आणि आता सुट्टी लागली, मी घरी चाललो, असे आईला सांगतो.

येथे धडा कोणी शिकला? फटिकला शिकण्यास अवधीच मिळाला नाही. मामा दुष्ट नाही. त्याने चांगल्या हेतूनेच मुलाला आणले होते. मामीही केवळ दुष्ट म्हणून रंगविलेली नाही. तिच्या संसारात एक अनोळखी मुलगा न विचारता आला. शाळेतही कोणी मुद्दाम छळ केला असे नाही. धडा येत नाही म्हणून मार बसे, जसा तेव्हा बसत असे. प्रत्येकाने आपले नेमलेले काम केले, आणि खिडकीशी उभा असलेला मुलगा कोणाच्याच कामात बसला नाही. वाचकाला हे कळते, पात्रांना ते फार उशिरा कळते. मोठे होण्याच्या कथांत बोध पुष्कळदा अशा रीतीने मुलाला ओलांडून मोठ्यांकडे जातो, आणि म्हणून अशी कथा वर्गात वाचताना ‘फटिक काय शिकला’ यापेक्षा ‘फटिककडे कोणी, केव्हा पाहायला हवे होते’ हा प्रश्न आम्हाला अधिक फलदायी वाटतो. विद्यार्थी त्याचे उत्तर झटकन देतात. ते उत्तर शिक्षकांनी वहीत टिपून ठेवण्याजोगे असते.

रवींद्रनाथांना स्वतःला शाळेच्या चार भिंती कधीच मानवल्या नाहीत. ‘छुट्टी’ लिहिल्यानंतर नऊ वर्षांनी, 1901 च्या डिसेंबरात, त्यांनी शांतिनिकेतन येथे निवासी शाळा काढली. वर्ग झाडांखाली भरत. आरंभी विद्यार्थी पाचच होते, आणि त्यांत त्यांचा मुलगा रथींद्रनाथ होता. त्याचे वय तेव्हा तेरा वर्षांचे होते.