गुडघ्याचे हरवलेले स्थितिभान

डोळे मिटलेले असतानाही गुडघा किती वाकला आहे हे माणसाला कळते, कारण स्नायू, कंडरा, सांध्याचे आवरण आणि अस्थिबंध यांतील सूक्ष्म चेताग्रे मज्जासंस्थेला सतत संदेश पाठवत असतात. या जाणिवेला सांध्याचे स्थितिभान म्हणतात. मांडीचे आणि नडगीचे हाड आतून जोडणारा ‘एसीएल’ हा अस्थिबंध कबड्डीत पाय रोवून अंग वळवताना तुटला, तर गुडघ्याचा आधार जातोच, शिवाय त्यातील चेताग्रांचे संदेशही खंडित होतात.

तपासणीत रुग्णाचे डोळे झाकून गुडघा ठरावीक कोनात, समजा ३० अंशांत, क्षणभर धरतात, पाय पूर्ववत करतात आणि तोच कोन त्याला स्वतः साधायला सांगतात. चूक जितकी मोठी, तितके स्थितिभान उणे. मात्र दुखापतीनंतरचा फरक पुष्कळदा अंश-दोन अंशांचाच असल्याने केवळ या चाचणीवर विसंबून खेळाडूला मैदानात उतरवणे योग्य नव्हे. स्नायूंची ताकद, तोल आणि उडीनंतर पाय टेकण्याची पद्धतही पाहावी लागते.

तुटलेल्या एसीएलच्या जागी शस्त्रक्रियेत बसवलेली कंडरा सांध्याला आधार देते, परंतु मूळच्या चेताग्रांची उणीव ती लगेच भरून काढत नाही. म्हणूनच एका पायावर उभे राहण्यासारखे तोलाचे व्यायाम, वेदना थांबल्या तरी, फिजिओथेरपिस्टच्या सल्ल्याने नेटाने चालू ठेवणे अत्यावश्यक आहे.