सिद्दीकडून कोण खेळणार?

दर दिवाळीला महाराष्ट्रात अंगणाअंगणात किल्ले उभे राहतात आणि त्यांतल्या एकावरही कुणी चालून येत नाही. दगड-विटांचा ढीग, त्यावर ओलं गोणपाट, गोणपाटावर चिखलाचा लेप, चिखलात टाकलेले अळीव. चार-पाच दिवसांत डोंगर हिरवा होतो. माथ्यावर सिंहासनावर महाराज, बुरुजांवर मावळे, गुहेत वाघ. पायथ्याशी पाणी भरणाऱ्या बायका, बैलगाडी, भाजीवाली, वासुदेव आणि धाकट्याच्या हट्टापायी एखादं प्लॅस्टिकचं हेलिकॉप्टर. पहारा कडक असतो, पण कुणाविरुद्ध हे कुणी विचारत नाही.

कुंभारवाड्यातल्या फळ्यांवर शत्रू शोधून पाहावा. अफझलखान सापडतो, पण महाराजांच्या मिठीत, पोटात वाघनखं गेलेला. धडधाकट, स्वतःच्या पायांवर उभा, स्वतःचे बेत असलेला शत्रू साच्यातून निघतच नाही. त्यामुळे या किल्ल्याच्या नशिबी एकच लढाई येते, ती दिवाळी सरल्यावर. पुष्कळ घरांत पोरं गुहेत सुतळी बॉम्ब ठेवून आपणच बांधलेला किल्ला उडवून देतात.

जगात अन्यत्र चित्रांचा हाच खेळ शत्रूसकट खेळतात. १८२४ साली रायसविट्झ नावाच्या प्रशियन लेफ्टनंटने नकाशा, ठोकळे आणि फासे घेऊन अधिकाऱ्यांसाठी युद्धाचा खेळ रचला. दोन बाजू, मध्ये पंच, आणि समोरच्याचं सैन्य पंच दाखवील तेवढंच दिसायचं. कादंबरीकार एच. जी. वेल्सने १९१३मध्ये ‘लिटल वॉर्स’ लिहून तो बैठकीच्या खोलीतल्या जमिनीवर आणला. त्याच्याकडे फासे नव्हते, लाकडी खुंट्या उडवणारी खेळण्यातली तोफ होती. जो शिपाई आडवा झाला तो मेला. सुतळी बॉम्बवाल्या पोरांना हा माणूस लगेच आवडला असता. पुढे १९६२ साली डोनाल्ड फेदरस्टोनच्या पुस्तकाने या नादाला नियमांची शिस्त लावली. आज दीड सेंटिमीटरपासून तीन सेंटिमीटरपर्यंतचे शिपाई विकत घ्यायचे, बारीक कुंचल्याने रंगवायचे, टेबलावर टेकड्या-नद्या मांडायच्या, मोजपट्टीने चाल मोजायची आणि फाशाने निकाल लावायचा, असा त्याचा सर्वसाधारण रिवाज आहे.

आपल्याकडे मावळा बुरुजापेक्षा उंच असतो म्हणून मोठी माणसं हसतात. उगाच हसतात. त्या टेबलांवरही शिपाई घरांच्या मानाने थोराडच असतो, कारण एक शिपाई वीस-पन्नास माणसांच्या जागी उभा असतो आणि मैदान मात्र टेबलात मावावं लागतं.

मला या मंडळींची खरी असूया वाटते ती असईमुळे. २३ सप्टेंबर १८०३ला जालन्याजवळ वेलस्लीने शिंदे-भोसल्यांच्या फौजेला हरवलं, ती लढाई इंग्लंडमधले हौशी आजही मांडतात. रंगवलेले मराठे गोलंदाज तिथे मिळतात, आणि टेबलाच्या त्या बाजूला बसलेला इंग्रज शिंद्यांच्या तोफा मनापासून चालवतो. वेलस्लीला बुडवल्याचा त्याला आनंद होतो. ही दानत आपल्या दिवाळीच्या किल्ल्यात अजून आलेली नाही.

ती आणायची तर दिघीसारखी जागा नाही. आगरदांड्याहून फेरीबोट इथे लागते. राजपुरीच्या खाडीचा हा दक्षिण काठ. समोर उत्तरेला दंडा-राजपुरी, खाडीच्या तोंडाशी पाण्यात जंजिरा, त्याच्या पलीकडे मुरुडसमोर कांसा बेटावरचा पद्मदुर्ग. सगळा पट एका नजरेत बसतो. शिवाय जंजिरा हा शिवाजी महाराजांना, संभाजी महाराजांना आणि पहिल्या बाजीरावालाही न मिळालेला किल्ला. रायगडावर निकाल ठाऊक असतो, इथे मात्र प्रत्येक मोहिमेला ‘तेव्हा असं झालं असतं तर’ चिकटलेलं आहे.

आमचा मित्रांचा कंपू दिवाळीनंतर उरलेले मावळे स्वस्तात उचलतो आणि जंजिरा मांडतो. निळी चादर म्हणजे समुद्र, थर्माकोलचा तट, पुठ्ठ्याची गलबतं आणि गुराबा. साच्यातले सगळे मावळे एका चेहऱ्याचे, भडक लाल-हिरव्या रंगाचे असतात. ते पोस्टर कलरने पुन्हा रंगवावे लागतात. जंजिऱ्याच्या सिद्दीची माणसं बाजारात नाहीत, म्हणून त्याच मावळ्यांचे चेहरे, पागोटी, अंगरखे बदलून ती करतो. एकाच साच्यातून दोन्ही सैन्यं निघतात, याची पहिल्यांदा जरा गंमत वाटते.

खरी अडचण पुढे येते. सिद्दीकडून खेळायला कुणी तयार नसतो. चिठ्ठ्या टाकाव्या लागतात. ज्याच्या नावाची निघते तो कुरकुरत बसतो, आणि तासाभरात पाण्याच्या तळ्यांची, दारूगोळ्याची, मोगलांच्या मदतीची अशी काळजी करू लागतो की जणू बेट त्याच्या आजोबांचं. तसं पाहिलं तर ते फार खोटंही नाही. आफ्रिकेतून आलेल्या या हबशी सरदारांमुळे या पट्ट्याला हबसाण म्हणत. मुरुड, म्हसळा, श्रीवर्धन हे सगळं १९४८पर्यंत जंजिरा संस्थान होतं. पेशव्यांचं भट घराणंसुद्धा मुळात सिद्दीच्या मुलखातलं, श्रीवर्धनच्या देशमुखांचं. या काठावरच्या कित्येकांच्या पूर्वजांनी सिद्दीला सारा भरला असणार.

नियम आम्ही इतिहासातूनच काढले. पावसाळा आला की आरमारं टेबलावरून उठतात. सिद्दीला त्या वेळी मुंबईचा आसरा मागता येतो, कारण १६७०च्या दशकात त्याचं आरमार खरंच माझगावला पावसाळा काढत असे आणि कंपनीच्या इंग्रजांची त्यामुळे मोठी पंचाईत होई. आमच्याकडे ही पंचाईत पंचाच्या गळ्यात पडते. पद्मदुर्गासाठी रसदीची वेगळी पानं आहेत. १६७५च्या जानेवारीत महाराजांनी प्रभावळीचा सुभेदार जिवाजी विनायक याला कडक शब्दांत पत्र लिहिलं, कारण पद्मदुर्गाला द्यायचं द्रव्य आणि धान्य त्याने पोचवलं नव्हतं. ‘जिवाजी विनायक’ हे पान निघालं की मराठी खेळाडू कपाळाला हात लावतो. शत्रूची तोफ परवडली, आपला कारकून नको!

सगळ्यांत जीवघेणा फासा लाय पाटलाचा. या कोळी वीराने रात्री जंजिऱ्याच्या तटाला शिड्या लावल्या, महाराजांचे पेशवे मोरोपंत यांची माणसं वेळेवर आलीच नाहीत, आणि उजाडायच्या आत त्याला शिड्या काढून घ्याव्या लागल्या, असं सांगतात. टेबलावर पाटलाची शिडी नेहमी लागते, फासा टाकायचा तो मोरोपंतांसाठी. सिद्दीकडेही असाच एक हुकमी डाव आहे. १६७१च्या होळीला सिद्दी खैरियतने दंडा-राजपुरीवर जमिनीकडून आरडाओरडा करत हल्ला चढवला, पहारा तिकडे धावला आणि समुद्राकडून सिद्दी कासम तटावर चढला. हा डाव चालवायचा तर पंचाला आधी गुपचूप चिठ्ठी द्यावी लागते. ज्याने तो चालवला त्याने पुढे सिद्दीकडून खेळायला कधी का-कू केली नाही.

संभाजी महाराजांची मोहीम मांडायला सर्वांत अवघड. किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा भराव टाकत जायचा, आणि त्याच वेळी टेबलाच्या दुसऱ्या कडेने हसनअली खानाची मोगली फौज कल्याणकडून सरकत येते. १६८२मध्ये तिच्यामुळेच महाराजांना वेढा सोडून जावं लागलं. आमच्या खेळात भराव पुरा झाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. मोगल एक चाल उशिरा निघाले तर होईल, असं एकजण हिशेब मांडून सांगतो. त्याला करून बघायचं आहे.

फत्तेखानावर मात्र एकमत होत नाही. जंजिऱ्याचा हा मुख्य वेढ्याला कंटाळून किल्ला शिवाजी महाराजांच्या हवाली करायला राजी झाला होता. संबळ, कासम आणि खैरियत या तीन सिद्द्यांनी त्याला कैद केलं आणि मोगलांचा आश्रय धरला, म्हणून जंजिरा राहिला. याला फासा ठेवला तर कधीकधी पहिल्याच चालीत किल्ला हाती येतो आणि रंगवलेली सगळी चित्रं तशीच खोक्यात जातात. काढून टाकला तर त्या वेढ्यातली सर्वांत मोठी शक्यताच जाते. तूर्त असं ठरलं आहे की फत्तेखानाचा निर्णय सिद्दीकडून खेळणाऱ्यानेच करायचा, कागदावर लिहून पंचाकडे द्यायचा. आजवर एकानेही किल्ला दिलेला नाही.